थंडीतल्या टाकीतले पांढरे ठिपके

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो, घरातल्या माशांच्या टाकीचं पाणी गारठतं, आणि मोलीच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासा खडीवर अंग घासतो. हा 'इच', म्हणजे इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर असेच ठिपके येतात. त्याला उगाच औषध पाजू नका.

दिसणारा ठिपका औषधाला दाद देत नाही, कारण परजीवी माशाच्या त्वचेखाली बसलेला असतो. पोट भरलं की तो गळून खडीत पडतो, कवच करतो, आणि आतून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. मासा शोधत पोहणारी ही पिल्लंच तेवढी औषधानं मरतात. हे सगळं चक्र २५ अंशांना आठवडाभरात उरकतं. १५ अंशांना दोन-तीन आठवडे रेंगाळतं. मग गार पाण्यात पाच दिवस औषध देऊन थांबलात, तर ठिपके परतणारच. बोल मात्र दुकानदाराला बसतात!

म्हणून आधी हीटर. दोन फुटी टाकीत खडी वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी धरा. ७५ ते १०० वॅटचा हीटर पुरतो. दर सहा तासांनी एक अंश वाढवत ३० पर्यंत न्या. गोल्डफिश असतील तर इतकं तापवू नका. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप जोरात ठेवा.

मग जाडं मीठ, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ९० ग्रॅम. मगभर पाण्यात विरघळवून, दीड दिवसात तीन वेळा विभागून. लोच किंवा कोरीडोरास हे तळाशी फिरणारे मासे असतील तर निम्मंच. जिवंत झाडांना मीठ सोसत नाही.

एक दिवसाआड सायफनची नळी खडीत खुपसून १२ लिटर पाणी काढा. कवचं तिथंच असतात. त्याआधी हीटरचा प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर उघडी पडलेली तापलेली काच तडकते. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तितकंच कोमट हवं. इथं हमखास चूक होते: मीठ परत ९० ग्रॅम पडतं. काढलेल्या १२ लिटरपुरतं, २४ ग्रॅमच घाला.

मीठ चालणारच नसेल तर मॅलाकाइट ग्रीन, बाटलीवरच्या मापानं, हातमोजे घालून. लोचला अर्धा डोस. फिल्टरमधला कोळसा मात्र आधी काढा, तो औषध शोषून घेतो.

शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. मग पाणी बदलत मीठ उतरवा, तापमान हळूहळू खाली आणा. हीटर मात्र होळीपर्यंत २५ वर लावलेलाच राहू द्या.