आधी पैसे, मग भाजी: शेतातल्या वाट्याबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते छोट्या घरच्या शेतातल्या भाजीच्या वाट्याबद्दल. म्हणजे कसं, हंगाम सुरू व्हायच्या आधीच काही कुटुंबं शेतकऱ्याकडे हंगामाचे पैसे भरतात आणि मग दर आठवड्याला शेतात जे तयार झालं असेल त्यातला आपला वाटा घेऊन जातात. आणि त्याच्याबरोबरच शेतातल्या सुधारणांबद्दलही बोलणारे, कारण मला या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

ही पद्धत तशी जुनीच आहे. जपानमध्ये १९७१ च्या आसपास विषारी औषधं न मारलेलं अन्न हवं म्हणून घर चालवणाऱ्या बायका आणि शेतकरी थेट एकमेकांशी बोलायला लागले, त्याला तिकडे तेइकेई म्हणतात. मग १९७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाजवळ, १९८६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर, २००१ मध्ये फ्रान्समध्ये, असं ते पसरत गेलं. अमेरिकेतल्या टस्कीगी विद्यापीठातले बुकर टी. व्हॉटली नावाचे प्राध्यापक तर त्याच्याही आधीपासून छोट्या शेतकऱ्यांना सांगत होते की गिऱ्हाइकांना सभासद करा, वर्गणी आधीच घ्या. मला हा माणूस फार मोठा वाटतो, कारण त्यांनी विचार केला तो ज्याच्याकडे जमीनही कमी आणि पैसाही कमी अशा शेतकऱ्याचा.

आता आधीच पैसे का, हे नीट समजून घ्या. शेतातला पैसा जातो हंगामाच्या तोंडावर, बियाणं, रोपांचे ट्रे, शेणखत, पाइप, मजुरी, आणि येतो तो कितीतरी महिन्यांनी, आणि मधला खड्डा बहुतेक लोक कर्ज काढून बुजवतात. वाट्याचे पैसे हा खड्डा बिनव्याजी बुजवतात. पण त्याच्या बदल्यात शेतकऱ्याने एक मोठा शब्द दिलेला असतो, की दर आठवड्याला टोपलीत काहीतरी असेल, एकाच प्रकारचं ढीगभर नाही तर पाच-सहा प्रकारचं असेल, आणि ते खाण्यालायक ताजं असेल. म्हणून माझं ठाम मत आहे की सुधारणेचा पैसा आधी याच शब्दासाठी खर्च व्हायला पाहिजे, जे बघायला आलेल्या पाहुण्यांना चांगलं दिसतं त्याच्यावर नाही.

दर आठवड्याला काहीतरी हवं तर पेरणी टप्प्याटप्प्याने करावी लागते. मुळा साधारण महिनाभरात तयार होतो, गाजराला अडीच-तीन महिने लागतात. सगळा मुळा एकाच दिवशी पेरलात तर एका आठवड्यात पूर येतो, पुढच्या आठवड्यात उरलेला जून होऊन आतून पोकळ पडतो आणि त्याच्यानंतर वाफा रिकामा. म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरायचा, आणि थंडीत वाढ मंदावते तेव्हा ते अंतर बदलायचं. याला खर्च काही नाही, वही लागते, कुठल्या वाफ्यात कधी काय पेरलं आणि त्याच्या आधी तिथे काय होतं एवढं लिहून ठेवणारी. बेवड, म्हणजे एका पिकामागून त्या जागी कुठलं पीक घ्यायचं तो क्रम, चांगला राखायचा तर ते लक्षात ठेवून भागत नाही, लिहावंच लागतं.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. ठिबक करा आणि मातीवर आच्छादन टाका. पाणी मुळाशी जातं, मधल्या जागेत तण कमी उगवतं, पानं ओली राहत नाहीत म्हणून बुरशी कमी होते, फक्त फिल्टर वेळच्या वेळी धुवा नाहीतर ड्रिपर तुंबतात आणि वाफ्याच्या शेवटची झाडं सुकलेली दिसेपर्यंत कळतही नाही.

पण ज्या सुधारणेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती शेतात नाहीच, ती तोडणीनंतरची आहे. पालकाचं पान सकाळी ऊन चढायच्या आधी तोडलं आणि हातात वाकवलं तर कट्कन मोडतं, तेच पान दुपारी तोडून बघा, फडक्यासारखं लोळतं. भाजी तोडली तरी ती जिवंत असते, श्वास घेते, आणि जितकी गरम तितका तिचा श्वास जोरात म्हणजे तितकी ती लवकर संपते. म्हणून तोडल्या तोडल्या सावलीत आणायची, पालेभाजी स्वच्छ गार पाण्यात बुडवून काढायची, निथळायची आणि मग क्रेटवर ओलं गोणपाट टाकायचं. हवा कोरडी असेल तर क्रेट ठेवायच्या जागेभोवती विटांची दुहेरी भिंत उभी करून दोन भिंतींच्या मध्ये वाळू भरायची आणि ती ओली ठेवायची, आतली हवा वीज न वापरता चांगली गार होते, दमट हवेत मात्र याचा फारसा उपयोग नाही, तिथे खोलीला थर्माकोल लावून यंत्रानेच गार करावी लागते. आणि सगळं एकाच गारव्यात कोंबू नका बरं का, पालेभाज्यांना शून्याच्या जरा वरचं तापमान मानवतं, पण काकडी आणि टोमॅटो दहा अंशाच्या खाली बरेच दिवस राहिले तर बिघडतात, काकडीवर खड्डे पडतात आणि टोमॅटोची चव जाते.

आणि एक, धुवायचं-निवडायचं टेबल कमरेच्या उंचीचं करा. घरातली माणसं तासन्‌तास जमिनीवर वाकून जुड्या बांधतात आणि ते खर्चात कुठे धरलंच जात नाही. छोटं शेत घरच्या माणसांच्या अंगावर चालतं, त्यांच्या पाठी गेल्या तर वाटा कोण भरणार?

पॉलिटनल, म्हणजे वाफ्यांवरचा प्लास्टिकचा बोगदा, वाईट आहे असं नाही, हंगाम दोन्हीकडून थोडा लांबतो, पण ते या सगळ्याच्या नंतर.

आता वाटा घेणाऱ्यांसाठी. हा वाटा आहे, दुकानातली खरेदी नाही. गारपीट झाली तर टोपली हलकी होणार आणि वांग्याचा बहर आला तर वांगी जास्त येणार. हे मान्य असेल तरच घ्या, आणि दोन माणसांचं घर असेल तर अर्धा वाटा घ्या, कारण भाजी वाया जायला लागली की लोक पुढच्या हंगामाला येत नाहीत. शेतकऱ्यांनीही हप्त्याची सोय ठेवावी, ज्यांना एकदम पैसे भरणं जमत नाही त्यांनाही चांगली भाजी खायचा हक्क आहेच की. आणि नको असलेली भाजी ठेवून दुसरी उचलता येईल असा एक क्रेट वाटपाच्या जागी ठेवावा, त्याने खूप कुरबुरी मिटतात.

पैसे भरायच्या आधी शेतावर एकदा जाऊन या. तोडणी कुठल्या दिवशी आणि किती वाजता होते ते विचारा, भाजी कुठे ठेवतात ते बघा, पीक गेलं तर काय करता तेही सरळ विचारा, आणि गेल्या हंगामाच्या पैशातून शेतात काय नवीन केलं हेही विचारा. चांगला शेतकरी या प्रश्नांनी चिडत नाही, उलट तुम्हाला हाताला धरून वाफ्यापर्यंत नेतो.