पायाखालचं बर्लिन

लाल-पिवळ्या रंगाची ही गाडी बर्लिनच्या मध्यभागाभोवती गोल फिरत राहते. रिंगबान. ३७ किलोमीटरचा फेरा, २७ स्टेशनं, आणि पूर्ण चक्कर साधारण तासाभराची. शिकायला आलेली ही मराठी मुलगी खिडकीशी बसली आहे. कुठं उतरायचं ते तिनं ठरवलेलं नाही. या गाडीत ते ठरवावंही लागत नाही. उतरलं नाही तर ती चढल्या जागी परत आणून सोडते.

स्टेशनात शिरताना फाटक नाही, अडवणारं कुणी नाही. तिकीट जवळ असणं ही ज्याची त्याची जबाबदारी. साध्या कपड्यातला तपासनीस डब्यात कधीही समोर उभा राहतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. विद्यार्थ्यांचा प्रवास सत्राच्या शुल्कातच धरलेला असतो. म्हणून वाटेल तिथं उतरावं आणि चालत सुटावं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आमचं हेच सांगणं आहे.

ऑगस्ट १९६१ मध्ये शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि रुळांचं हे वर्तुळ तुटलं. भिंत १९८९ मध्ये पडली. रूळ मात्र पुरते जोडले जायला २००२ साल उजाडलं.

[बेर्नाउअर श्ट्रासं]

रिंगबान सोडून ती या रस्त्यावर आली. भिंत होती तिथं आता गंजल्या रंगाच्या लोखंडी सळया ओळीनं उभ्या आहेत. एका बाजूनं पाहिलं तर सळ्यांची भिंत दिसते, समोर येऊन उभं राहिलं की आरपार गवत. या पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं. पहारेकऱ्यांच्या नजरेला अडथळा होतो म्हणून १९८५ मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. त्याच जागी २००० साली हे लंबगोल प्रार्थनास्थळ बांधलं, चोपलेल्या मातीचं. भिंतीजवळ जाऊन पाहा: मातीत जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे मिसळलेले आहेत.

जवळच नॉर्डबानहोफ स्टेशन. भिंतीच्या काळात पश्चिम बर्लिनच्या गाड्या पूर्व बर्लिनच्या हद्दीखालून जात, पण इथं थांबत नसत. अंधारा प्लॅटफॉर्म, बंदूकधारी पहारा, आणि न थांबता पुढं जाणारे दिव्यांचे डबे. आज तिथं कॉलेजची मुलं कॉफी हातात घेऊन गाडीची वाट पाहताहेत.

दरम्यान तिची कागदपत्रांची कामं चालूच होती. घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो, मग बँक, विमा, विद्यापीठाचं ओळखपत्र. ते सगळं झालं.

[फुटपाथवरचा दगड, जवळून]

आता खाली पाहा. फुटपाथच्या फरशीत बसवलेला हा पितळी चौकोन, नाझींनी छळलेल्या, मारलेल्या माणसांच्या आठवणीचा. प्रत्येक बाजू जवळपास १० सेंटिमीटर. पितळेवर अक्षरं ठोकलेली आहेत: इथं राहत होते, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठं नेलं, कुठं मारलं. एका दगडावर एकच माणूस. कुटुंब असेल तर आई, वडील, मुलं, शेजारी शेजारी.

गुंटर डेमनिग या कलावंतानं ही कल्पना काढली. बर्लिनमध्ये पहिले दगड १९९६ मध्ये क्रॉइझबर्ग भागात बसले, तेही परवानगी न घेता. नंतर शहरांनी स्वतःहून ते मागितले. २०२३ मध्ये एक लाखावा दगड न्यूरेनबर्गला बसला. दगड बसतो तो त्या माणसानं स्वतःच्या मर्जीनं जिथं अखेरचं घर केलं होतं, त्या दारासमोर. स्मारकाला भेट द्यायला कुणी मुद्दाम जात नाही. दूध आणायला निघालेला माणूस त्यावरून जातो.

पितळ काळवंडतं. म्हणून शेजारपाजारचे लोक ते घासतात. या आजी गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन बसल्या आहेत. फडक्यावर थोडं पॉलिश, आधी अक्षरांच्या खाचा, मग कडा, मग कोरडं फडकं. आपल्या विद्यार्थिनीनं त्यांच्या हातातलं दुसरं फडकं घेतलं. दोघींची भाषा अजून जुळत नव्हती. काम जुळलं.

शहराची लाज संग्रहालयात बंद करून ठेवणं सोपं असतं. तिकीट काढील तो पाहील. बर्लिननं ती रोजच्या वाटेवर ठेवली, आणि त्यासाठी भांडणारे लोक या शहरातच होते, हे विसरून चालणार नाही.

[बेबेलप्लाट्झ]

उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर हुंबोल्ट विद्यापीठाची मुख्य इमारत आणि समोर हा चौक. चौकाच्या मध्यभागी जमिनीत एक काच बसवलेली आहे. वाकून पाहिलं की खाली एक पांढरी खोली दिसते, चारी बाजूंना फडताळं, सगळी रिकामी. सुमारे २०,००० पुस्तकं मावतील एवढी जागा. मिखा उलमान यांचं हे काम १९९५ मधलं.

१० मे १९३३ च्या रात्री याच चौकात पुस्तकांची होळी झाली. तिची तयारी विद्यार्थी संघटनेनं केली होती. विद्यार्थ्यांनी. पुस्तकं वाहून आणणारे, ज्वाळांभोवती घोषणा देणारे याच वयाचे होते. शिकायला आलेल्या कुणीही या काचेवर थोडा वेळ वाकावं, ते यासाठी.

[टेंपेलहोफ]

रविवारी दुकानं बंद. मग सगळं शहर इथं येतं. हा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० मध्ये लोकांना खुला झाला. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत संघानं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा याच धावपट्टीवर पीठ, कोळसा घेऊन विमानं उतरत होती. आता तिथं सायकली, पतंग, स्केटबोर्ड. इथं इमारती बांधायच्या का, असं २०१४ मध्ये विचारलं गेलं, तेव्हा बर्लिनकरांनी मतदान करून नाही म्हटलं. वारा मात्र इतका असतो की तिचं बोलणं आम्हाला कॅमेऱ्यावर नीट टिपता आलं नाही.

[डालेम, इनेश्ट्रासं २२]

मध्यवस्तीपासून दूर, झाडीतला हा भाग. इथं फ्री युनिव्हर्सिटी आहे, १९४८ मध्ये स्थापन झालेली. इनेश्ट्रासं २२ ही इमारत त्याहून जुनी. १९२७ मध्ये इथं कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली, संचालक ऑयगेन फिशर. आणि त्यांच्याच हाताखाली, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, एक मराठी तरुणी संशोधन करत होती: इरावती कर्वे.

विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधली असमानता. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या रचनेतून वंशावंशांतला फरक सिद्ध व्हावा, ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले, आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच समोर. आपल्याकडं त्यांचं नाव घेतलं जातं ते बहुतेक पुढच्या लेखनासाठी. या इमारतीतलं त्यांचं हे काम शाळेतल्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवं.

पुढं हीच संस्था नाझी वंशशास्त्राचं केंद्र बनली. आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर योझेफ मेंगेलेनं पाठवलेले मानवी अवयव तिच्याकडं येत. दाराशेजारच्या फलकावर हे लिहिलेलं आहे. २०१४ मध्ये याच परिसरात खोदकाम करताना मानवी हाडं सापडली आणि २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं.

आज या इमारतीत राज्यशास्त्र शिकवलं जातं, आणि आपली विद्यार्थिनी त्याच विभागात आली आहे. फलक तिनं दोनदा वाचला. ऑक्टोबरच्या मध्याला वर्ग भरू लागले. प्रबंधाचा ठरवून आणलेला विषय तिनं बदलला, नवा विषय संस्थेच्या इतिहासाशी जोडलेला आहे. मार्गदर्शकांनी होकार दिला, घरच्यांची समजूत घालणं अजून चालू आहे.