आडवा घुमट

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. गवतावर पसरलेल्या धातूच्या पट्ट्या, भोवती ओणवी झालेली मुलंमुली.]

या पट्ट्या नीट बघा. खिडकीला लावतात त्या व्हेनेशियन ब्लाइंडच्या आहेत. त्यांतून 48 फूट व्यासाचा घुमट उभा करायचा बेत आहे. साल 1948, ठिकाण अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना. ॲशव्हिलजवळच्या डोंगरात, तळ्याकाठी, ब्लॅक माउंटन कॉलेजचं उन्हाळी सत्र चालू आहे.

फ्लोरिडातल्या एका कॉलेजने जॉन अँड्र्यू राइस या प्राध्यापकाला काढून टाकलं. त्यांनी आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्यांनी 1933 मध्ये हे कॉलेज काढलं. पैशाची चणचण पहिल्या दिवसापासून. मुलं शेतात राबायची आणि वर्गांची इमारतसुद्धा मास्तर-पोरांनी मिळून बांधलेली. मार्क मुलांना सांगायचेच नाहीत, अशी इथली रीत. त्यामुळे या सत्रात कोणी काय मिळवलं, याचा तक्ता कुठल्या भिंतीवर लागला नाही. तो आपणच लावून बघू.

घुमटाचा बेत बकमिन्स्टर फुलर या रचनाकाराचा. ते इथे शिकवायला आले ते ऐनवेळी, दुसऱ्या वास्तुकाराच्या जागी. वय 53. त्यांची तीनचाकी मोटार बाजारात आली नव्हती, कारखान्यात बनणारं गोल घर खपलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये भरून आणलेले नमुने उतरवायला चित्रकलेचे शिक्षक जोसेफ आल्बर्स यांनी एका पोराला पिटाळलं. हा केनेथ स्नेल्सन, 21 वर्षांचा. आला होता आल्बर्सकडे चित्रं शिकायला, आणि खोकी उघडता उघडता त्या नमुन्यांतच गुंतला.

[दृश्य: पट्ट्या जोडणारे हात.]

घुमटाचा दिवस उजाडला. गणपतीचा मांडव घालताना सगळी आळी गोळा होते, तसं कॉलेज बघायला जमलेलं. पट्ट्या एकमेकींना जोडल्या, शेवटचा बोल्ट आवळला. घुमट काही उठला नाही. थोडा फुगला आणि बसला. तेव्हापासून त्याचं नाव ‘आडवा घुमट’. सामान कमजोर आहे हे मला आधीच माहीत होतं, असं फुलर पुढे सांगत राहिले. खरंही असेल. पण मास्तरकीत हे वाक्य कधी ना कधी सगळ्यांनाच लागतं.

त्याच उन्हाळ्यात संगीतकार जॉन केज यांनी एरिक सातीच्या एका विनोदी नाटुकल्याचा प्रयोग लावला. त्यात फुलर झाले सरदार, आणि नर्तक मर्स कनिंगहॅम यांत्रिक माकड. चित्रकार विलेम द कूनिंगही शिकवायला होते. ‘ॲशव्हिल’ हे त्यांचं छोटंसं चित्र याच वर्षाचं.

विद्यार्थ्यांत होती रूथ असावा. महायुद्धात जपानी वंशाच्या म्हणून तिच्या घरच्यांना छावणीत डांबलेलं. पुढे ती मिलवॉकीला शिक्षिका व्हायला शिकली, पण जपानी मुलीला सरावासाठी शाळा मिळेना, आणि पदवी अडली. 1947 मध्ये मेक्सिकोत तिने तारेच्या टोपल्या विणणारे हात पाहिले, आणि तोच टाका धरून ती हवेत लटकणारी शिल्पं विणू लागली. मिलवॉकीने पदवी दिली 1998 मध्ये. तोवर तिची शिल्पं संग्रहालयांत पोचली होती.

[दृश्य: प्लायवुडच्या दोन फुल्या, मध्ये नायलॉनचा दोरा.]

स्नेल्सन मात्र त्या पडलेल्या घुमटापाशीच अडकला होता. सत्र संपलं, तो घरी गेला, आणि त्याच हिवाळ्यात त्याने हे केलं. प्लायवुडची एक फुली खाली, दुसरी वर. दोन्ही कुठेही एकमेकींना टेकत नाहीत. वरची अधांतरी राहते ती निव्वळ दोऱ्यांच्या ताणावर. आपण खांबावर तुळई ठेवतो, भार खाली उतरवत नेतो. इथे भार दोऱ्याने झेललाय.

1949 च्या उन्हाळ्यात फुलर परतले. या खेपेला घुमट 14 फुटांचा, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा. तो उभा राहिला, आणि मंडळी त्याला लोंबकळून फोटोही काढून बसली. स्नेल्सनने आपलं लाकडी खेळणं मास्तरांना दाखवलं. फुलर हरखले. पुढे त्यांनी या रचनेला ‘टेन्सेग्रिटी’ असं नाव दिलं, आणि जगभर व्याख्यानं देत हिंडले. पोराचं नाव त्यात मागे पडत गेलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये स्नेल्सनला जाहीर श्रेय मिळालं ते 1959 मध्ये. दहा वर्षं गेली. मग आपल्या तक्त्यात ही नोंद प्राध्यापकांच्या रकान्यात घालायची की विद्यार्थ्यांच्या? मी विद्यार्थ्यांच्या घालतो. पण खोकी उघडायला त्याला आल्बर्सने पाठवलं होतं, हेही तिथेच लिहावं लागेल.

कॉलेज 1957 मध्ये बंद पडलं.

[दृश्य: वॉशिंग्टन, हर्शहॉर्न संग्रहालय. कॅमेरा जमिनीलगत.]

स्नेल्सनचा हा ‘नीडल टॉवर’, 1968 मधला. 60 फूट उंच, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि पोलादी तारा. नळीला नळी लागलेली नाही. आता मनोऱ्याच्या पोटात उभं राहून वर बघू या. चांदणीत चांदणी, तिच्यात आणखी एक, लहान लहान होत गेलेली.

[कॅमेरा वर. आवाज फक्त वाऱ्याचा.]