दाढी पाण्यानं होते

राम राम मंडळी. सकाळची वेळ आहे, कोणी गोठ्यात रेडिओ लावून दूध काढत असेल, कोणी डबा बांधून शेतात निघायच्या घाईत असेल, आणि कोणीतरी आरशासमोर उभं राहून गालावरून हात फिरवत असेल, की आज करावी का उद्यावर ढकलावी. आज मला त्या माणसाशी बोलायचंय. दाढीबद्दल बोलायचंय, आणि तेही जुन्या पद्धतीच्या दाढीबद्दल, वाटी, ब्रश, साबणाची वडी आणि ते एकाच ब्लेडचं लोखंडी रेझर.

आमच्या घरी सकाळ दोन आवाजांनी व्हायची. आबाजी ओट्यावर बसायचे, लिंबाच्या झाडाला खिळा ठोकून त्याला आरसा अडकवलेला, आणि पितळेच्या वाटीत ब्रश फिरायला लागला की गुळगुळ गुळगुळ असा एक आवाज यायचा. मग थोडा वेळ शांत. आणि मग दुसरा आवाज, खर्र... खर्र... रेझर गालावरून उतरल्याचा. मी अंथरुणातूनच सांगू शकायचो की आता आबाजींचा उजवा गाल झाला, आता हनुवटीवर आले, कारण हनुवटीचे केस जाड, तिथं आवाज वेगळा येतो. हा आवाज लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.

आमचं गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या माणसाला खारपाण म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्या जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागते पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ नीट शिजत नाही हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असते, आणि ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्यात साबणाला फेसही येत नाही. दोन्हीला कारण साधारण एकच. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असते, ते साबणातल्या आम्लाला जाऊन चिकटते आणि न विरघळणारा चिकट चोथा बनते, तोच बादलीच्या काठाला पांढरा थर होऊन बसते. म्हणजे साबण फेस करायच्या ऐवजी पाण्याशी भांडण्यातच खर्च होऊन जाते. वरून पाणी खारट असलं की उरलासुरला फेसही बसून जाते.

म्हणून आबाजींचा दाढीचा गडवा वेगळा होता. पावसाळ्यात टिनाच्या छपरावरचं पाणी, पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुवून गेले की मग, ते रांजणात धरून ठेवायचे आणि त्यातलं गडवाभर पाणी दाढीला. बाकी अंघोळ वगैरे बोअरच्याच पाण्यानं. आजी कुरकुर करायची की प्यायच्या पाण्याची मारामार आहे आणि याले दाढी सुचते, तर आबाजी म्हणायचे, "दाढी पाण्यानं होते वं, ब्लेड तं फक्त झाडून घेते."

हे वाक्य मला वीस वर्षांनी समजलं.

मधल्या काळात मी अमरावतीला हॉस्टेलला शिकायला गेलो आणि सगळ्या पोरांसारखं डब्यातला फोम आणि तीन पात्यांचं प्लास्टिकचं रेझर घेतलं. दोन मिनिटांत दाढी व्हायची, दिसायलाही एकदम गुळगुळीत, पण दोन दिवसांनी मानेवर लाल लाल पुटकुळ्या, काहींत पू पण व्हायचा, आणि मला वाटायचं माझं रक्तच गरम आहे. तसं काही नव्हतं. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून धरते आणि मागचं कापते, मग कापलेला केस कातडीच्या खाली आत सरकते. ज्याचा केस सरळ आहे त्याला चालून जाते, ज्याचा केस वळणारा आहे त्याचा तो आतल्या आत वळतो आणि कातडीतच वाढायला लागतो. मानेवर तर केस जास्तच वाकडे. माझं तेच होत होतं, आणि त्यावर उपाय म्हणून मी आणखी जोर लावून दाढी करत होतो.

आबाजी गेले त्या वर्षी दिवाळीची साफसफाई करताना त्यांचा पत्र्याचा डबा निघाला. आत रेझर, दांड्याचं सोनेरी पाणी उडालेलं, खाली पितळ दिसत होतं, दांडा फिरवला की वरचे दोन दरवाजे उघडतात ना, तसलं. मी ते जुन्या दातांच्या ब्रशनं आणि भांड्याच्या साबणानं घासलं, उकळतं पाणी टाकलं, नवीन ब्लेड घातली आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलो. आणि कापून घेतलं, तीन ठिकाणी. कारण हात प्लास्टिकच्या रेझरचा होता, दाबायची सवय. मोठे बाबा बाजूला चहा पीत होते, ते म्हणाले, "काहून दाबून राह्यला बे, थे काई वखर आहे का?"

वखरावर आपण वजन देतो, उभे राहतो, कारण पास, म्हणजे वखराचं पातं, जमिनीत घुसली पाहिजे. इथं उलट आहे. या रेझरचं लोखंड-पितळ जड असते आणि त्याचं स्वतःचं वजन पुरते, तुम्ही फक्त ते दांड्याच्या टोकाशी हलकं धरायचं आणि गालावरून चालवायचं. कोन साधारण तीस अंशाचा. आता तीस अंश कोण मोजत बसते, म्हणून तो आवाज. रेझरचं डोकं आधी गालाला सपाट टेकवा, मग दांडा हळूहळू खाली आणा, एका जागी खर्र आवाज सुरू होते, तोच तुमचा कोन. आवाज गेला म्हणजे कोन चुकला. डोळ्यापेक्षा कान बरोबर सांगतो, म्हणून मी सांगतो की दाढी करताना मोबाईलवर गाणी लावू नका, आणि हो, माझं हे भाषणसुद्धा तेवढा वेळ बंद ठेवलं तरी चालेल.

पण हे सगळं नंतरचं. आधी फेस, आणि खरी मजा इथंच आहे. ब्रश कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजत ठेवायचा. ब्रश तीन-चार प्रकारचे मिळतात, डुकराच्या केसाचा, बिज्जूच्या केसाचा, आणि आता सिंथेटिक. डुकराच्या केसाचा ब्रश सुरुवातीला टोचतो पण वापरता वापरता त्याची टोकं फुटतात आणि तो मऊ होत जातो, सहा महिन्यांनी नव्यापेक्षा चांगला लागतो. सिंथेटिक पटकन वाळतो, आपल्याकडे झडीच्या दिवसांत कपडेच वाळत नाहीत तर ब्रश काय वाळणार, म्हणून पावसाळ्यात मी तोच वापरतो. तोवर तोंड धुवून घ्या, अंघोळ झाली असेल तर सोन्याहून पिवळं. केस पाणी पितो मंडळी, दोन-तीन मिनिटं ओला राहिला की फुगतो, नरम पडतो आणि कापायला फार कमी जोर लागतो. कोरडा केस तारेसारखा असतो. आबाजी म्हणायचे ते हेच.

मग ब्रश पिळून साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट फिरवायचा. दाढीचा साबण आणि अंगाचा साबण एक नाही, हे पण सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे बरेच जण अंगाच्याच साबणाचा हात मारतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असते आणि ते पोटॅशच्या क्षारानं साबण केलेलं असते, त्यानं फेस घट्ट येतो आणि टिकतो, शिवाय ग्लिसरीन ओल धरून ठेवते. लहानपणी आमच्या किराणा दुकानात गोदरेजचा गोल साबण मिळायचा, त्याचा वास अजून आठवतो.

वाटीत ब्रश फिरवताना पाणी थेंब थेंब टाकायचं. सुरुवातीला फेस कापसासारखा दिसते, कोरडा, भुसभुशीत, त्याच्यावर भाळू नका, तो घसरत नाही. आणखी चार थेंब, आणखी फिरवा. मोठे मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, मठ्ठा झाला त्याचा. पाहिजे कसा, तर कवडीच्या दह्यासारखा, घट्ट आणि वरून चकाकणारा. पहिल्यांदा नाही जमत, मला जमायला महिना लागला, आणि त्यातले पंधरा दिवस मी साबणाला नावं ठेवत होतो पण दोष बोअरच्या पाण्याचा होता. ज्या दिवशी आरओच्या कॅनचं पाणी घेतलं त्या दिवशी त्याच साबणानं वाटी काठोकाठ भरली. तेव्हा भाऊ, तुमच्याकडे फेस येत नसेल तर नवीन क्रीम आणायच्या आधी अर्धा पेला प्यायचं पाणी घेऊन पाहा. धुवायला बोअरचं चालते.

उन्हाळ्याचं एक सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टाकीचं पाणी आपोआप गरम असते, ते बरंच आहे, पण कूलर समोर घेऊन दाढी करू नका, दोन मिनिटांत फेस वाळून पापडी होते. आणि हिवाळ्यात चुलीवर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवून तापवलेलं पाणी, त्यात वाटी अर्धी बुडवून ठेवली की फेस शेवटपर्यंत कोमट राहते. थंडीत तोंडाला कोमट फेस लावायचं जे सुख आहे ते ज्यानं घेतलं त्यालाच माहीत.

आता रेझर चालवायची दिशा. आपल्या माणसाला हे लवकर समजते, कारण कपाशीत आपण तण काढायला डवरं कसं घालतो, आधी तासानं, म्हणजे ओळीनं, उभं, मग चौफुलीची, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळींची, लागण असेल तर आडवं. तोंडावरच्या केसांचेही तास असतात. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि बोटानं चाचपून पाहा, कुठे खाली जातात, कुठे आडवे, मानेवर तर माझे डाव्या बाजूला चक्क वर जातात. पहिला हात केसांच्या दिशेनं, मग परत फेस लावून दुसरा आडवा. उलटा तिसरा हात मी तर मारतच नाही, आणि मानेवर कोणीच मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे रेझर आलं कुठून हे पण ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता, बाटल्यांची बुचं विकायचा. 1895 च्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं की वस्तरा रोज पाजळायच्या ऐवजी पातळ पातं वापरून फेकून दिलं तर. जाणकार म्हणाले एवढ्या पातळ पोलादाला धार आणि ताठपणा येणारच नाही. शेवटी विल्यम निकर्सन नावाच्या माणसानं ते जमवलं. 1903 ला विक्री सुरू झाली, त्या पहिल्या वर्षी किती रेझर विकले गेले असतील? 51. आणि ब्लेडा 168. पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर रेझर गेले. ब्लेड फक्त एक दशांश मिलिमीटर जाडीची असते, नुसती धरली तर लवलवते, रेझरचा दांडा घट्ट केला की ती वाकून ताणली जाते आणि मग ताठ उभी राहते, एवढीच युक्ती. दोन पात्यांचं आलं 1971 ला, तीन पात्यांचं 1998 ला. केस मात्र तोच आहे.

खर्चाचं म्हणाल तर आजही एक ब्लेड दोन-चार रुपयांत येते आणि चार-पाच दाढ्या आरामात होतात. दाढी करणारे कारागीर लोकसुद्धा आता तीच ब्लेड मधून मोडून अर्धी वस्तऱ्यात घालतात, दर गिऱ्हाइकाला नवीन. दर्यापूरच्या बाजारात मी कधी बसलो तर आधी सांगतो, काका, ब्लेड माझ्यासमोर मोडा, आणि तेही वाईट मानत नाहीत. कावीळ ब, एचआयव्ही हे रक्तातून जाते, त्यामुळे घरातसुद्धा बाप-लेकानं एक ब्लेड वापरू नये, आणि वापरलेली ब्लेड उकिरड्यावर तर अजिबात टाकू नका. तिथं गाईगुरं तोंड घालतात, शेणखत भरताना बायांचे हात असतात. एखाद्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडा आणि त्यात टाकत जा, आमचा तुपाचा डबा सहा वर्षं झाली अजून भरला नाही.

शेवटी थंड पाणी, आणि तुरटी. गढूळ पाण्यात फिरवतो तीच तुरटी, पुराच्या दिवसांत घरोघरी असते. ओल्या गालावरून खडा फिरवा, बारीक रक्त थांबते, आणि जिथं तुम्ही जोर लावला असेल तिथं बरोबर झोंबते. तुरटी चुगली करते म्हणा. जिथं झोंबलं तिथं उद्या हात हलका.

मागच्या रविवारी पुतण्याला बसवलं, सतरा वर्षांचा आहे, मिसरूड फुटून वर्ष झालं. आधी बिनब्लेडच्या रेझरनं दोन दाढ्या करायला लावल्या, नुसता फेस काढायचा, तो वैतागला पण केल्या. मग ब्लेड घातली. पोट्टं श्वास रोखून बसलं होतं. मी म्हटलं गालाकडे पाहू नको, ऐक. दांडा खाली आणत गेला, आणखी थोडा, आणखी थोडा, आणि खर्र झालं. तो तसाच थांबला, फेसानं भरलेलं तोंड माझ्याकडे वळवून म्हणाला, "काका, हा आवाज तं मी झोपेत आयकत होतो ना, लहानपणी."