जेपीजी मागितली, वेबपी आली

(डीटीपीचं दुकान. पडद्यावर कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली लग्नपत्रिका.)

पत्रिकेचं काम जवळजवळ झालंय. वर गणपती बसलाय, निमंत्रकांची नावं बसलीत. मागच्या पानावर मंगल कार्यालयाचा फोटो टाकायचा राहिलाय, आणि तो गिऱ्हाइकानं कार्यालयाच्याच वेबसाइटवरून डाउनलोड करून पाठवलाय. इम्पोर्ट दाबलं, आणि ही चौकट आली. फाइल ओळखता येत नाही.

कोरलड्रॉची ही आवृत्ती जुनी आहे आणि ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे. मराठी डीटीपीचं वर्षानुवर्षांचं काम युनिकोड ही सगळीकडे एकसारखी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटमध्ये साठलंय. सॉफ्टवेअर बदललं की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. घरच्या लग्नाची पत्रिका तशी छापून गेलेली कुणाला चालेल? म्हणून जे सुरळीत चालतंय त्याला हात लावत नाहीत. ‘नवीन आवृत्ती घ्या’ हा सल्ला देणाऱ्यानं एकदा या खुर्चीत बसून पाहावं.

(ब्राउझरचा पत्त्याचा रकाना, मग फाइलचं नाव.)

आता हे बघा. वेबसाइटवर फोटोचा पत्ता जेपीजीनं संपतो. उतरलेली फाइल मात्र वेबपी, म्हणजे चित्र साठवायचं वेगळंच रूप. गिऱ्हाइकानं नाव बदलून जेपीजी करून पाहिलं, तरी उघडली नाही. का, ते नोटपॅडमध्ये दिसतं. सगळा कचरा दिसेल, पण पहिली ओळ नीट वाचा. आर, आय, एफ, एफ. मग दोन-चार विचित्र चिन्हं. मग डब्ल्यू, ई, बी, पी. आणि लगेच व्ही, पी, आठ. खरी जेपीजी असती तर सुरुवातीलाच बहुधा जे, एफ, आय, एफ दिसलं असतं.

हे व्हीपी-आठ म्हणजे व्हिडिओचं तंत्र. ऑन-टू टेक्नॉलॉजीज या कंपनीचं. गूगलनं २०१० मध्ये ही कंपनी विकत घेतली, मे महिन्यात व्हीपी-आठ सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि सप्टेंबरअखेर त्याच तंत्रानं एकेक स्थिर चित्र दाबून, म्हणजे फाइलचा आकार कमी करून, वेबपी हे नवं रूप जाहीर केलं. साधारण तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असा गूगलचा दावा आहे. फायरफॉक्सनं ते जानेवारी २०१९ मध्ये स्वीकारलं, सफारीनं २०२० मध्ये. फोटोशॉपमध्ये मात्र प्लगइनशिवाय वेबपी उघडायला २०२२ उजाडावं लागलं. चित्र पाहणाऱ्याची सोय आधी झाली. त्या चित्रावर काम करणाऱ्याला बारा वर्षं थांबवलं.

(डेव्हलपर टूल्स, नेटवर्कचा रकाना. एका चित्रावर क्लिक.)

पत्ता तोच असताना चित्राचं रूप बदलतं कसं, त्याचं उत्तर या ओळीत आहे. ‘ॲक्सेप्ट’. ब्राउझर प्रत्येक चित्र मागताना ही ओळ सोबत पाठवतो. वाण्याला दिलेल्या यादीसारखीच ती असते, काय चालेल आणि त्यातलं काय जास्त आवडेल याची. फायरफॉक्सची यादी वाचू. इमेज एव्हिफ (वेबपीसारखंच आणखी एक नवं रूप), इमेज वेबपी, इमेज पीएनजी, इमेज एसव्हीजी, मग बाकीचं कुठलंही चित्र, पण कमी पसंतीचं, म्हणून पुढे ०.८ हा आकडा. सर्व्हर, म्हणजे वेबसाइटचा संगणक, ती यादी वाचतो आणि त्यातलं त्याला परवडणारं पाठवतो. उत्तरात ‘व्हेरी, ॲक्सेप्ट’ असंही लिहितो. म्हणजे यादी बदलली तर मालही बदलेल.

हा प्रकार नवा नाही. मे १९९६ मध्ये एचटीटीपीची, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांची, १.० आवृत्ती लिहून प्रसिद्ध झाली, त्यातही ॲक्सेप्ट आहे. समोरच्यानं काय द्यावं, हे मागणाऱ्यानं सांगायची सोय वेबवर तेव्हापासून आहे. आज ती यादी तुमच्या नावानं जाते, लिहितो मात्र ब्राउझर. तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. आमचा आक्षेप एवढ्यावरच आहे.

(एक्स्टेन्शन चालू केल्याचं दृश्य. पान पुन्हा लोड होतं.)

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. हे करतं ते एवढंच. मागणी बाहेर पडण्याच्या क्षणी ती ॲक्सेप्टची ओळ पकडतं आणि तिच्यातून वेबपी आणि एव्हिफ काढून टाकतं. कॅशे, म्हणजे ब्राउझरनं आधी साठवलेली प्रत, बंद करून पान पुन्हा लोड केलंय. तोच पत्ता, तोच फोटो. आता ‘कंटेंट टाइप’समोर इमेज जेपीईजी लिहिलंय. फाइल थोडी मोठी आली, डेटा थोडा जास्त गेला.

मग मिळालेली वेबपीच जेपीजी करून घेतली तर? तीन सेकंदांचं काम आहे, पण छपाईत ते दिसतं. मूळ जेपीजी एकदा दाबलेली, तिची वेबपी करताना दुसऱ्यांदा, परत जेपीजी करताना तिसऱ्यांदा. शिवाय नेहमीच्या वेबपीत चार ठिपक्यांना मिळून रंग एकच नोंदला जातो. जेपीजीत हे टाळता येतं, या वेबपीत येत नाही. पडद्यावर मोठं केलेलं हे ‘श्री’ बघा, पिवळ्यावर लाल. कडेला लालसर-तपकिरी धूर दिसतो तो याच्यामुळे.

(नेटवर्कच्या रकान्यात पुन्हा वेबपी.)

काही ठिकाणी एक्स्टेन्शनचं काही चालत नाही. ‘पिक्चर’ टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली एक खूण, वापरलेल्या पानावर प्रत्येक रूपाचा पत्ता वेगळा लिहिलेला असतो आणि निवड ब्राउझर स्वतःच करतो. तिथं यादी बदलून उपयोग नसतो. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन वेबपी आणि एव्हिफ ओळखणंच बंद करता येतं, मग अशी पानंही जेपीजीवर येतात. पण ज्या वेबसाइटकडे फक्त वेबपी आहे, तिथली चित्रं दिसेनाशी होतात.

आणि एक. हे एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतो. म्हणून ज्याचा कोड उघड आहे असंच घ्या, आणि शक्य असेल तर हव्या त्या वेबसाइटपुरतंच चालू ठेवा.

या दुकानात फायरफॉक्सची दोन प्रोफाइलं केली आहेत. एक रोजच्या वापराचं, जसंच्या तसं. दुसरं फक्त फोटो उतरवायचं, त्यात एक्स्टेन्शन. गिऱ्हाइकांना आता फोटो पाठवू नका, त्याचा पत्ता पाठवा, असं सांगितलं जातं.