काऊबॉयच्या मूकपटात गर्दीकडे बघा

श्रोतेहो, नमस्कार. काऊबॉय म्हटलं की रुंद टोपीचा गोरा तरुण डोळ्यांपुढे येतो. पण हे चित्र नंतर पक्कं झालं. मूकपटांच्या काळात या घोडेस्वारांच्या चित्रपटांत कितीतरी वेगवेगळी माणसं होती. काही तर कॅमेऱ्यामागेही होती.

१९१० चा ‘व्हाइट फॉन्स डिव्होशन’ हा छोटा पट जेम्स यंग डीअर यांनी दिग्दर्शित केला. ते मूळ अमेरिकन वंशाचे. पुढे पाते या फ्रेंच चित्रपट कंपनीच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओचा कारभार त्यांच्याकडे आला. त्यांच्या पत्नी लिलियन सेंट सिर नेब्रास्कातल्या हो-चंक जमातीच्या. पडद्यावरचं नाव रेड विंग. १९१४ च्या ‘द स्क्वॉ मॅन’मध्ये नायकाची मूळ अमेरिकन पत्नी त्यांनीच रंगवली. (शीर्षकातला ‘स्क्वॉ’ हा शब्द आज शिवीच मानतात.) दिग्दर्शक सेसिल डेमिल यांनी १९१८ मध्ये हाच पट पुन्हा काढला आणि ती भूमिका ॲन लिटल या गोऱ्या नटीला दिली. फक्त चार वर्षांत रेड विंगची जागा गेली! मला हा बदल फार बोलका वाटतो.

त्या वेळच्या फिल्मचा एक गुणधर्मही लक्षात ठेवा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा रंग चटकन दिसायचा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आकाश पांढरंफटक, आणि लाल रंगवलेले ओठ काळे. तांबूस-गव्हाळ कातडी असते त्याहून गडद उमटायची. तेव्हा पडद्यावरच्या काळेपणावरून माणूस कोण, हे ठरवू नका.

आता १९२० चा ‘द डॉटर ऑफ डॉन’. ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांत चित्रित झालेला. दिग्दर्शक गोरे होते, पण कलाकार सगळे कायोवा आणि कोमांची या मूळ अमेरिकन जमातींचे, तीनशेच्या आसपास. कोमांचींचे प्रसिद्ध नेते क्वाना पार्कर यांची मुलं, व्हाइट पार्कर आणि वनाडा पार्कर, यात आहेत. क्वाना पार्कर १८७५ मध्ये अमेरिकन सैन्याला शरण आले, त्याला चित्रीकरणावेळी पंचेचाळीसच वर्षं झाली होती. म्हणजे पडद्यावरच्या म्हाताऱ्यांनी मोकळ्या माळावरचं जिणं स्वतः जगलेलं होतं. तंबू आणि कपडे त्यांनी आपापल्या घरून आणले. कथा साधी आहे, एका मुलीला लग्नासाठी दोघांची मागणी. नायकावरून नजर काढून मागच्या तंबूंकडे, पोशाखांकडे, नाचणाऱ्यांच्या पावलांकडे बघा. कोणत्याही कपडेपटात ते मिळालं नसतं. हा पट कित्येक दशकं हरवलेला होता. या शतकात प्रत सापडली, दुरुस्त झाली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, गेला.

असे पट बघताना वेग तपासा. ३५ मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात १६,००० चित्रं मावतात. सेकंदाला १६ चित्रांनी ते जवळपास १७ मिनिटं चालतं, २४ नी चालवलं तर ११ मिनिटांत संपतं. मग माणसं तुरुतुरु पळतात आणि गंभीर नाच हास्यास्पद दिसतो. संगणकावर बघत असाल तर वेग पाऊणपट करा. चालणं नैसर्गिक वाटलं की समजा, जमलं.

कृष्णवर्णीय काऊबॉयही खरेच होते. टेक्सासचे बिल पिकेट धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घ्यायचे, शिंगं धरून त्याची मान पिळायचे आणि त्याचा ओठ दातांत पकडून त्याला आडवा पाडायचे. १९२२ मध्ये नॉर्मन या चित्रपट कंपनीने त्यांना घेऊन ‘द बुल-डॉगर’ काढला, तोही ओक्लाहोमातल्या बोली या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात. त्या काळी वापरात असलेली नायट्रेट फिल्म आपोआप कुजते, पटकन पेटते. शिवाय अशा पटांच्या प्रती मुळातच कमी निघत. ‘द बुल-डॉगर’चे आता तुकडेच उरलेत. पण त्या तुकड्यांत बिल पिकेट दिसतात, आणि बैलही.