सोनं किती खोलवरून ऐकू येतं? डिटेक्टरच्या कॉइलची तुलना

[दृश्य: व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया. विरळ, कोरडं रान. लाल माती, मधूनमधून पांढरी गारगोटी.]

बॅलरॅट, बेंडिगो, वेडरबर्न. मेलबर्नच्या वायव्येकडच्या या टापूला ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. १८६९ साली इथल्या मोलिअगुलजवळ ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा गोळा निघाला. निव्वळ सोनं सुमारे ७२ किलो, आणि खोली जेमतेम ३ सेंटिमीटर! १९८० मध्ये किंगोवरजवळ मेटल डिटेक्टरने ‘हँड ऑफ फेथ’ शोधला. तो २७ किलोचा, ३० सेंटिमीटर खाली उभा रुतलेला होता. एवढं मोठं घबाड कुठल्याही कॉइलने, म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याखालच्या तबकडीने, ओरडून सांगितलं असतं.

आज इथे सापडतात ते बहुतेक छोटे खडे. एक ग्रॅम शुद्ध सोन्याची गोळी केली तर तिचा व्यास साडेचार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आपल्या आजच्या हिशेबाने तीन तोळ्यांहून थोडं जास्त, तरी आकार लहानशा बोराएवढाच. अशा वस्तूसाठी कॉइल निवडताना पहिली चूक ठरलेली असते: सगळ्यात मोठी घेतली की सगळ्यात खोलचं सापडेल.

[दृश्य: जमिनीवर शेजारी शेजारी तीन गोल कॉइल. ८ इंची, ११ इंची, १८ इंची.]

कॉइल म्हणजे तारेचे वेढे. त्यातून निघालेलं चुंबकीय क्षेत्र खाली जाताना क्षीण होतं, सोन्यात उमटलेले प्रवाह परत वर येताना पुन्हा क्षीण होतात. कॉइलच्या मानाने खोली बरीच जास्त असेल तर हा मार खोलीच्या सहाव्या घाताने बसतो. खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टाव्या भागावर येतो. पाच-दहा टक्के जास्त खोलीसाठी लोक एवढे पैसे मोजतात, ते यामुळेच.

आता आकडे. पल्स इंडक्शन यंत्रं, म्हणजे विजेचा छोटा झटका (पल्स) सोडून तो बंद झाल्यावर ऐकणारी यंत्रं. त्यांच्या कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा तिचा विरोध, साधारण ३०० मायक्रोहेन्रीच्या (हे त्याचं एकक) आसपास ठेवतात. ते तेवढंच ठेवून व्यास वाढवायचा तर वेढे कमी करावे लागतात. हा हिशेब धरून २० सेंटिमीटरची, म्हणजे ८ इंची कॉइल आणि ४६ सेंटिमीटरची, म्हणजे १८ इंची कॉइल कागदावर ताडून पाहू. खडा १० सेंटिमीटरवर असेल तर मोठ्या कॉइलला लहानीच्या ४० टक्क्यांहून कमी संकेत मिळतो. तोच खडा ४० सेंटिमीटरवर गेला की पारडं फिरतं. मोठीला सहापट संकेत मिळतो.

पण सहापट संकेत म्हणजे सहापट खोली नव्हे. लहान कॉइलला ४० सेंटिमीटरवर जेवढा संकेत मिळतो, तेवढा मोठीला ५८ सेंटिमीटरवर मिळतो. व्यास सव्वादोन पटींहून जास्त वाढला, खोली दीडपटही नाही. हेही कागदावर. मोठी कॉइल जास्त जमीन बघते, विजेच्या तारांचा गोंगाटही जास्त गोळा करते, आणि हा नफा त्यात झिजतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पल्स बंद झाल्यावर सोन्यातले प्रवाह विरत जातात. लहान, पातळ किंवा जाळीदार खड्यात ते काही मायक्रोसेकंदांतच संपतात. यंत्र ऐकायला सुरुवात करीपर्यंत कॉइल स्वतः शांत झालेली नसेल तर असा खडा हरवतोच, मग तो ५ सेंटिमीटरवर का असेना. म्हणून नव्या कॉइलमध्ये वेढे एकावर एक गुंडाळण्याऐवजी चकलीसारखे सपाट पसरवतात. त्यामुळे वेढ्यांमधली धारकता, म्हणजे वीज साठून राहण्याची क्षमता, कमी होते आणि कॉइल लवकर शांत होते. छोट्या सोन्यावर हा फरक कधी कधी व्यासापेक्षाही मोठा ठरतो. सारख्या मापाच्या दोन कॉइल सारख्या नसतात, ते यामुळे.

[दृश्य: मोनो आणि डबल-डी कॉइलचे उघडे नमुने. वेढे दिसतात.]

मोनोमध्ये तारेची एकच गुंडाळी क्षेत्र पाठवते आणि तीच ऐकते. डबल-डीमध्ये इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या मध्यभागी एकमेकींवर आलेल्या असतात, एक पाठवणारी आणि एक ऐकणारी. सौम्य जमिनीत मोनो सहसा जास्त खोल जाते. जमीन लोहयुक्त असेल तर तिची बडबड सुरू होते. कोकणातला जांभा आठवा. तशा लाल, लोखंडाने भरलेल्या मातीतले मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट या चुंबकीय लोहखनिजांचे कण स्वतःच संकेत देतात. तिथे डबल-डी शांत चालते, आणि शांत यंत्रातला बारीक आवाज गोंगाटातल्या मोठ्या आवाजापेक्षा कामाचा. मोनो सतत कुरकुरत असेल तर खोलीचा हट्ट सोडून डबल-डी लावावी.

मोनोची आणखी एक खोड. उथळ, बारीक खडा वेढ्याच्या कडेखाली सर्वांत जोरात वाजतो, त्यामुळे कॉइल वरून गेली की एकाच खड्यावर दोनदा आवाज येतो. खोल खडा मात्र मध्याखालीच ऐकू येतो. म्हणून प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवायचा. नाहीतर मधल्या पट्ट्यात खोलची जमीन न तपासताच मागे राहते. लंबगोल कॉइलमध्ये खोलीचा अंदाज लांबीवरून बांधू नये, त्यात आखूड व्यास जास्त बोलतो. लांबीचा उपयोग झुडपांमधून आणि खडकांच्या फटींमधून कॉइल सरकवायला.

[दृश्य: तिरपं भोक पाडणं. प्लास्टिकची नळी आत जाते.]

तुलना करायची तर हवेत खडा हलवून काही कळत नाही, कारण हवेत लोह नसतं. खड्डा खणून, खडा पुरून माती लोटली तरी चाचणी फसते, कारण उकरलेली माती मूळ जमिनीसारखी वागत नाही. उपाय सोपा आहे. जमिनीशी ३० अंशांचा कोन धरून एक मीटर लांब, तिरपं भोक पाडायचं आणि त्यात बारीक पीव्हीसी नळी बसवायची. या कोनात नळीच्या लांबीच्या बरोबर निम्मी खोली मिळते: ६० सेंटिमीटर आत म्हणजे ३० सेंटिमीटर खोल. वरची माती हललेली नसते. आधी रिकाम्या नळीवर कॉइल फिरवून ती गप्प आहे ना ते बघायचं. मग लाकडी काठीच्या टोकाला खाच करून त्यात खडा बसवायचा आणि काठीवर दर १० सेंटिमीटरला खूण करायची.

खडे निदान तीन हवेत: अर्धा ग्रॅम, पाच ग्रॅम आणि एक औंस. चपटा खडा आडवा आणि उभा, दोन्ही प्रकारे तपासावा, फरक कान टवकारायला लावणारा असतो. प्रत्येक कॉइल लावल्यावर यंत्र तापू द्यायचं, फ्रीक्वेन्सीचा गोंगाट काढायचा, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत वजा करण्याची जुळणी, नव्याने करायचा. एका कॉइलचा बॅलन्स दुसरीला वापरला तर सगळे आकडे रद्दीत. काठी सरकवणारा वेगळा आणि हेडफोन लावलेला वेगळा हवा. ऐकणाऱ्याला खडा आत आहे की नाही हे माहीत नसावं. माहीत असलं की कान हवा तो आवाज ऐकतात. दहापैकी आठ वेळा बरोबर सांगितलं तर ती खोली धरायची.

मोठ्या कॉइलची मूठभर खोली बहुधा हातच खाऊन टाकतो. जड कॉइल फेऱ्याच्या टोकाला उचलली जाते, आणि ५ सेंटिमीटर उंच गेली की ५ सेंटिमीटर खोली गेली. पट्टा आणि रबरी दोरीने वजन खांद्यावर घ्यावं. केबल दांड्याला घट्ट गुंडाळावी, सैल केबल हलली की खोटा आवाज येतो. खालची संरक्षक प्लेट रोज काढून पुसावी. तिच्यात अडकलेली काळी लोहरेती दिवसभर छळते. बुटांच्या पुढे पोलादी टोपी नको.

नव्या जागेत ११ इंची मोनोने सुरुवात करणं शहाणपणाचं. १८ इंची कॉइल तेव्हाच काढावी, जेव्हा माती खोल आहे, जमीन शांत आहे आणि तिथून औंसाचे खडे निघाल्याची खात्री आहे. खडकावर जेमतेम वीतभर माती असेल तिथे लहान कॉइलच जास्त सोनं काढते.

[दृश्य: कुदळीने खड्डा. प्लास्टिकच्या सुपलीत माती.]

व्हिक्टोरियात शोध घ्यायला ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो आणि खड्डा बुजवावाच लागतो. बुजवण्याआधी लहान कॉइल एकदा खड्ड्यात आणि एकदा उपसलेल्या मातीवर फिरवावी. मोठ्या खड्याच्या आवाजाखाली शेजारचा लहान खडा दबलेला असतो.